चाकातील हवा : योग्य दाबाची निवड

वाहन कोणतेही असो, ते जमिनीला टेकते ते फार थोड्या जागेवर. मोटारीचे एकेक चाक साधारणतः तळहाताएवढ्या जागेवर उभे असते. सायकलच्या चाकाला तर बोटाच्या दोन-तीन पेरांएवढी जागा पुरते. वाहनाने वळावे, थांबावे, चढ चढावा, ओल्या रस्त्यावर घसरू नये, या साऱ्या गोष्टी एवढ्याशा जागेच्या आधाराने घडून येतात. ही जागा किती मोठी असावी आणि तिचा आकार कसा असावा, हे मुख्यतः टायरमधील हवेच्या दाबावर ठरते. असे असूनही वाहनाच्या निगेत सर्वांत कमी लक्ष दिले जाते ते हवेकडेच. कारण ती दिसत नाही, तिची किंमत मोजावी लागत नाही आणि ती कमी झाली तरी वाहन काही काळ चालतच राहते.

विद्युत वाहनांच्या प्रसारामुळे या प्रश्नाला आता नवे महत्त्व आले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये आणि त्यानंतर २०२५ मध्ये विद्युत वाहनविषयक धोरण जाहीर केले. विजेवर चालणाऱ्या दुचाकी, तीनचाकी आणि मोटारी शहरांबरोबरच तालुक्याच्या गावांतही दिसू लागल्या आहेत. पेट्रोलवर चालणारे वाहन आठ-पंधरा दिवसांनी पेट्रोलपंपावर जाते आणि तेथे हवा विनामूल्य भरून मिळते. टाकी भरताना चाकाकडे नजर टाकण्याची सवय अनेकांना असते. विद्युत वाहन मात्र घरच्या घरी रात्री चार्ज होते. त्याला पंपावर जाण्याचे कारणच उरत नाही. परिणामी हवा तपासण्याचा जो प्रसंग आपोआप येत असे, तोच नाहीसा झाला आहे. हा प्रसंग आता जाणीवपूर्वक निर्माण करावा लागेल. त्यासाठी हवेच्या दाबामागील तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे.

लोखंडी धावेपासून हवेच्या टायरपर्यंत

लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविण्याची पद्धत आपल्याकडे शेकडो वर्षे चालत आली. अशा चाकाला रस्त्यावरील दगड लागला की संपूर्ण चाक, त्यावरील भार आणि गाडी ओढणारे बैल या सर्वांना धक्का बसतो. चाकाभोवती हवा कोंडून हा धक्का शोषून घेता येईल, ही कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाने प्रथम मांडली. १८४५ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले, तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. तथापि त्या काळी ना सायकली रूढ होत्या, ना मोटारी. त्यामुळे त्याचा शोध विस्मृतीत गेला. पुढे बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर स्वतंत्रपणे तयार केले आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. थॉमसनच्या आधीच्या शोधामुळे हे पेटंट नंतर टिकले नाही, परंतु टायर मात्र टिकले आणि जगभर पसरले.

महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात टायरगाडीने लोखंडी धावेची जागा घेतली, तेव्हा शेतकऱ्यांनी या शोधाचे मर्म अनुभवाने ओळखले. बैलजोडी तीच, परंतु अधिक भार कमी कष्टात ओढला जाऊ लागला आणि रस्त्यावर पडणाऱ्या चाकोऱ्याही कमी झाल्या. हा फरक केवळ रबराचा नव्हता. तो मुख्यतः रबरात कोंडलेल्या हवेचा होता.

हवा भार कसा पेलते?

टायर भार पेलतो असे आपण म्हणतो. वस्तुतः भाराचा फार मोठा हिस्सा आतील हवा पेलते. टायर हे त्या हवेला कोंडून धरणारे मजबूत आवरण होय. हवेचा दाब आपल्याकडे रोजच्या व्यवहारात पौंडांत सांगितला जातो. ‘तीस पौंड हवा’ याचा अर्थ दर चौरस इंचावर तीस पौंडांचा दाब. दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम म्हणजे सुमारे १४.२ पौंड, हे प्रमाण ध्यानात ठेवले की हिशेब सोपा होतो. गेजवर दिसणारा आकडा हा बाहेरील वातावरणाच्या दाबाहून अधिक असलेला दाब असतो, हेही येथे लक्षात घ्यावे.

आता तत्त्व असे : चाकावरील भाराला हवेच्या दाबाने भागले असता जमिनीला टेकणाऱ्या जागेचे क्षेत्रफळ साधारणपणे मिळते. भार वाढला आणि हवा तेवढीच राहिली, तर टायर अधिक चेपतो व अधिक जागेवर टेकतो. भार तोच ठेवून हवा वाढविली, तर टेकणारी जागा आक्रसते. टायरच्या रबराच्या व दोऱ्यांच्या ताठपणामुळे प्रत्यक्षात थोडा फरक पडतो, परंतु मूळ हिशेब हाच.

एकचाकी वाहनाचा धडा

हे तत्त्व सर्वांत स्वच्छ दिसते ते विजेवर चालणाऱ्या एकचाकी वाहनात. शेन चेन या अमेरिकेतील संशोधकाने अशा वाहनाचे एक रूप २०११ च्या सुमारास बाजारात आणले. त्यानंतर त्याचे अनेक प्रकार निघाले. एकच चाक, त्याच्या मध्यभागी मोटर, भोवती बॅटरी आणि दोन्ही बाजूंना पाय ठेवण्यासाठी पट्ट्या, एवढीच त्याची रचना. स्वार पुढे झुकला की ते पुढे जाते, मागे झुकला की थांबू लागते. तोल सावरण्याचे काम आतील संवेदक व मोटर करतात. आपल्या रस्त्यांवर हे वाहन क्वचितच दिसते. तथापि हवेच्या दाबाचा धडा देण्यासाठी त्याच्याइतके उत्तम उदाहरण नाही, कारण येथे सर्व भार एकाच चाकावर असतो आणि चूक झाली तर सावरायला दुसरे चाक नसते.

समजा, वाहनाचे वजन २५ किलोग्रॅम आणि स्वाराचे ७५ किलोग्रॅम आहे. एकूण भार १०० किलोग्रॅम झाला. टायरमध्ये ३० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम दाब असेल, तर हे चाक जवळजवळ ४७ चौरस सेंटिमीटर जागेवर उभे राहील. आता त्याच वाहनावर, तेवढ्याच हवेवर ५० किलोग्रॅम वजनाचा स्वार चढला, तर टेकणारी जागा सुमारे ३६ चौरस सेंटिमीटर होईल. ९० किलोग्रॅम वजनाच्या स्वारासाठी ती ५५ च्या आसपास जाईल. एकाच वाहनाच्या एकाच चाकासाठी, एकाच रस्त्यावर, हलक्या व जड स्वाराला एकच दाब योग्य ठरू शकत नाही, हे यावरून स्पष्ट होईल. टेकणारी जागा सारखी ठेवावयाची, तर एकास २२-२३ पौंडांच्या आसपास आणि दुसऱ्यास ३४-३५ पौंडांच्या आसपास हवा लागेल. हे आकडे तत्त्व समजण्यापुरते आहेत. प्रत्यक्षात त्या त्या टायरची व वाहनाची मर्यादा पाहूनच निर्णय घ्यावयाचा असतो.

हवा कमी असता या वाहनाला गचके कमी बसतात, कारण ज्या प्रकारांत स्प्रिंगची योजना नसते त्यांत टायर हाच एकमेव धक्काशोषक असतो. परंतु चाक जड वाटू लागते, वळण घेताना ते आडून बसते, बॅटरी लवकर संपते आणि खड्ड्यात आपटल्यास टायर पूर्ण चेपून रीमला थेट मार बसतो. ट्यूब असल्यास ती रीम व दगड यांच्यामध्ये चिमटून तिला दोन भोके पडतात. उलट हवा फार झाली, तर चाक हलके चालते, पण रस्त्यावरील प्रत्येक खडा पायांना जाणवतो, चाक जमिनीवरून उसळते आणि उसळलेल्या क्षणी त्याची पकड नाहीशी होते. म्हणून जाणकार स्वार उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत राहून दोन-तीन पौंडांनी हवा कमी-अधिक करतात, त्याच रस्त्यावर पुन्हा चालवून पाहतात आणि आपल्या वजनास व रस्त्यास मानवणारा आकडा निश्चित करतात. एकदा तो सापडला की लिहून ठेवतात आणि वरचेवर तपासतात.

येथे जे एका चाकाला लागू आहे, तेच सायकलीच्या दोन, घंटागाडीच्या तीन आणि मोटारीच्या चार चाकांना लागू आहे. योग्य दाब हा टायरचा अंगभूत आकडा नसून भार, रस्ता आणि वेग यांना पाहून करावयाची ती निवड आहे.

आकडा कोठे पाहावा?

या निवडीत सर्वाधिक गोंधळ होतो तो टायरच्या बाजूवर उमटविलेल्या आकड्यामुळे. तेथे अनेकदा कमाल भार आणि त्या भारासाठीचा कमाल दाब दिलेला असतो. ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे. पोत्यावर ‘५० किलो’ असे छापलेले असले म्हणून घरी रोज ५० किलो धान्य शिजवायचे नसते. शिफारस केलेला दाब वाहनाच्या उत्पादकाने वेगळा दिलेला असतो. मोटारीत तो चालकाच्या दारालगतच्या खांबावरील चिठ्ठीवर आढळतो. दुचाकीत तो आसनाखाली, मागील चाकाजवळ किंवा माहितीपुस्तिकेत असतो. पुढील व मागील चाकासाठी वेगवेगळे आकडे असतात. चालक एकटा असताना आणि मागे कोणी बसले असताना किंवा पूर्ण भार असताना, असे दोन आकडेही पुष्कळदा दिलेले असतात. कुटुंबासह प्रवासाला निघताना यांपैकी दुसरा आकडा पाळावा लागतो.

टायरच्या बाजूवरील इतर खुणाही वाचता आल्या पाहिजेत. उदाहरणार्थ, दुचाकीच्या टायरवर ‘५४ जे’ असे असेल, तर त्यातील ५४ हा भारनिर्देशांक २१२ किलोग्रॅमची, तर ‘जे’ हे अक्षर ताशी १०० किलोमीटर वेगाची मर्यादा दर्शविते. चार अंकी संख्येतील पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालातील तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर जुने होऊन तडकते, म्हणून ही तारीख पाहण्याची सवय उपयुक्त ठरते.

झीज कशी झाली आहे, यावरूनही दाबाचा इतिहास वाचता येतो. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या असून मधला भाग शाबूत असेल, तर हवा सतत कमी राहिली असे समजावे. मधला पट्टाच गोटा झाला असेल, तर हवा जास्त होती.

उष्णता आणि मोजण्याची वेळ

उन्हाळ्यात हवा कमी भरावी, अन्यथा टायर फुटतो, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. तो चुकीचा आणि धोकादायक आहे. हवा तापली की तिचा दाब वाढतो हे खरे. ३२ पौंड दाब असलेल्या टायरात तापमानाच्या दर १० अंश सेल्सिअस वाढीमागे सुमारे दीड पौंडाची भर पडते. विदर्भातील उन्हाळ्यात सकाळी २८ अंशांवर ३२ पौंड हवा भरली आणि दुपारी धावून टायर ६० अंशांपर्यंत तापला, तर गेज ३७ च्या आसपास दाखवील. ही वाढ उत्पादकाने आधीच गृहीत धरलेली असते. परंतु चालकाने घाबरून गरम टायरातून हवा सोडली आणि ती पुन्हा ३२ वर आणली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरात २७ पौंडच हवा उरेल.

येथेच खरा धोका सुरू होतो. टायर तापतो तो केवळ उन्हाने किंवा रस्त्याने नव्हे. फिरताना प्रत्येक फेऱ्यात तो जमिनीपाशी चेपतो व पुन्हा फुगतो. या सततच्या चेपण्या-फुगण्यात रबराच्या आत उष्णता निर्माण होते. हवा जितकी कमी, तितके चेपणे अधिक आणि तितकी उष्णता अधिक. म्हणजे उन्हाळ्यात हवा कमी ठेवणारा मनुष्य टायर थंड ठेवीत नसून अधिक तापवीत असतो.

म्हणून दाब नेहमी टायर थंड असताना मोजावा. वाहन किमान तीन तास उभे असावे, किंवा एक-दोन किलोमीटरपेक्षा अधिक चाललेले नसावे. सकाळची वेळ सर्वांत योग्य. टायरात साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरल्याने सर्व प्रश्न सुटतात, असेही म्हटले जाते. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजनमुळे दाब थोडा हळू उतरतो आणि आतील ओलावा कमी राहतो, एवढा लाभ मान्य करूनही तो नियमित तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

द्रुतगती महामार्ग आणि टायर

नागपूर ते मुंबई यांना जोडणाऱ्या ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. या मार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेग ठेवता येतो. गावच्या रस्त्यावर वेग कमी असतो, वारंवार थांबावे लागते आणि टायरला निवण्यास उसंत मिळते. द्रुतगती मार्गावर तास-दोन तास अखंड वेग राहतो. हवा कमी असलेला टायर अशा वेगात चेपल्यानंतर पूर्ववत होण्याआधीच पुन्हा जमिनीला टेकतो. त्याच्या पृष्ठभागावर लाटा उमटू लागतात, उष्णता झपाट्याने वाढते, थर सुटतात आणि टायर फुटतो. गावात महिनोन्‌महिने निर्धोक वाटलेला टायर महामार्गावर एका तासात दगा देतो, त्याचे एक मोठे कारण हेच होय. लग्नकार्य, देवदर्शन अथवा रुग्णालयाच्या निमित्ताने पूर्ण भरलेली मोटार या मार्गावर नेण्यापूर्वी चारही टायर व जादा टायर यांतील हवा पूर्ण भाराच्या आकड्याप्रमाणे पाहणे, हे काम पाच मिनिटांचे आहे. त्यावर आतील सर्वांचे प्राण अवलंबून असतात.

विद्युत दुचाकी आणि घंटागाडी

विद्युत वाहनात कमी हवेची किंमत लगेच दिसून येते. चेपलेला टायर ओढण्यात बॅटरीतील वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर घटते. बॅटरी खराब झाली अशी तक्रार करण्यापूर्वी टायरातील हवा पाहणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते. काही दुचाकींत मोटर मागच्या चाकातच बसविलेली असते. त्यामुळे ते चाक जड होते आणि खड्ड्याचा आघातही त्याला अधिक सोसावा लागतो. अशा चाकात हवा कमी असल्यास रीम वाकण्याची शक्यता वाढते. ट्यूबलेस टायर असेल, तर वाकलेल्या कडेतून हवा हळूहळू झिरपत राहते.

अनेक ग्रामपंचायतींकडे कचरा संकलनासाठी बॅटरीवर चालणाऱ्या घंटागाड्या आहेत. ही गाडी सकाळी रिकामी निघते आणि फेरीअखेर ओल्या कचऱ्याने भरते. रिकाम्या गाडीला बरी वाटणारी हवा भरलेल्या गाडीला अपुरी पडते. म्हणून तिच्या टायरात पूर्ण भारासाठी सांगितलेला दाब ठेवावा आणि तो सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी पाहावा.

ट्रॅक्टर : शेत आणि सडक

भार तोच असूनही जमीन बदलली की योग्य दाब बदलतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ट्रॅक्टर. टायर जमिनीवर जेवढा दाब देतो, तो आतील हवेच्या दाबाच्या जवळपास असतो. शेतात ट्रॅक्टरच्या मागील टायरातील हवा फार ठेवली, तर तो भार थोड्या जागेवर एकवटतो, माती दाबली जाते, तिच्यातील पोकळ्या नष्ट होतात आणि पाणी व मुळे यांचा मार्ग खुंटतो. ओल्या काळ्या जमिनीत हा परिणाम विशेष जाणवतो. शेतात पुस्तिकेतील मर्यादेपर्यंत कमी दाब ठेवल्यास टायर रुंद टेकतो, पकड चांगली मिळते आणि चाक जागीच फिरून डिझेल वाया जात नाही. तोच ट्रॅक्टर उसाची अथवा पाण्याच्या टँकरची ट्रॉली घेऊन डांबरी सडकेवर निघाला की अधिक दाब लागतो. नांगरणीच्या दाबावरच मालवाहतूक केल्यास टायरच्या बाजू तडकतात आणि भरलेली ट्रॉली डोलू लागते. शेतातून सडकेवर येताना हवा वाढविणे आणि परत जाताना कमी करणे, हे थोडे कष्टाचे असले तरी माती व टायर या दोहोंचे रक्षण करणारे आहे.

विद्यार्थ्यांची सायकल

ग्रामीण भागात शाळेसाठी सायकलीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांची, विशेषतः विद्यार्थिनींची संख्या मोठी आहे. शासकीय योजनांतूनही विद्यार्थिनींना सायकली मिळाल्या आहेत. सायकलीचे टायर अरुंद, त्यातील हवा थोडी आणि ट्यूब पातळ, त्यामुळे मोटारीच्या मानाने तिची हवा लवकर उतरते. काही आठवडे न भरल्यास सायकल ओढवेनाशी होते. मग पंक्चर होतात, टायर चिरतो आणि सायकल पडवीत भिंतीला टेकून राहते. पुढे मुलीला शाळेत पायी जावे लागते आणि अंतर लांब असेल, तर शाळेत जाण्यालाच खंड पडू लागतो. म्हणून हवेचा पंप ही शाळेच्या दृष्टीने किरकोळ वस्तू नव्हे.

सायकलीला पुष्कळदा जुन्या पद्धतीचा वॉलट्यूबचा व्हॉल्व्ह असतो. त्यावर मोटारीचे गेज लावून आतील दाब नीट कळत नाही. अशा वेळी भरतानाच दाब दाखविणारा पंप वापरावा आणि वॉलट्यूब कुजली असल्यास बदलावी. हवा भरल्यावर व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना, हे पाहावे आणि टोपी न विसरता बसवावी.

शाळेतील एक प्रयोग

विज्ञानाच्या तासाला हे सर्व तत्त्व एका सोप्या प्रयोगाने दाखविता येईल. त्यासाठी मोटारीसारखा व्हॉल्व्ह असलेली सायकल, गेज, वजनकाटा आणि सेंटिमीटरचे चौकोन आखलेला कागद एवढे साहित्य पुरते.

मागच्या टायरमधील दाब मोजून लिहावा. टायरच्या पृष्ठभागावर तेलात कालवलेल्या काजळाचा पातळ थर द्यावा. गुळगुळीत फरशीवर कागद ठेवून चाक अलगद त्यावर टेकवावे. एका विद्यार्थ्याने सायकलीवर बसावे आणि इतरांनी ती दोन्ही बाजूंनी केवळ तोल राखण्यापुरती धरावी. मग तो विद्यार्थी उतरला की सायकल सरळ वर उचलावी. कागदावर उमटलेल्या ठशातील चौकोन मोजावेत. चौरस सेंटिमीटरमधील हे क्षेत्रफळ आणि किलोग्रॅममध्ये रूपांतर केलेला दाब यांचा गुणाकार करावा. त्यानंतर त्याच विद्यार्थ्याला बसवून मागचे चाक काट्यावर ठेवावे, पुढचे चाक तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवावे आणि मागच्या चाकावरील वजन मोजावे. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ येतात. जो फरक राहतो, तो टायरच्या ताठपणाचा आणि ठसा मोजण्यातील त्रुटीचा. मग हवा १० पौंडांनी कमी करून तोच प्रयोग पुन्हा करावा. ठसा मोठा झालेला प्रत्येक विद्यार्थ्याला डोळ्यांनी दिसेल. दाब, बल आणि क्षेत्रफळ यांचा संबंध फळ्यावरील सूत्रापेक्षा या काजळी ठशातून अधिक पक्का समजतो.

ग्रामपंचायतींना काय करता येईल?

या कामासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. ग्रामपंचायत कार्यालयात व शाळेत दाब दाखविणारा एकेक पायपंप, एक चांगले गेज आणि एक नोंदवही एवढीच सामग्री पुरेशी आहे. घंटागाडी, टँकर, ट्रॅक्टर इत्यादी प्रत्येक वाहनासाठी शिफारस केलेला दाब कोणता, हे त्या वाहनावर ठळक अक्षरांत रंगवून घ्यावे. नोंदवहीत तारीख, चाक, तपासताना आढळलेला दाब आणि भरल्यानंतरचा दाब असे चार रकाने असावेत. दुचाकी व मोटारींची तपासणी निदान पंधरवड्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासापूर्वी करावी. सायकलींची व घंटागाडीची ती दर आठवड्याला करावी. एखादेच चाक प्रत्येक वेळी इतरांहून अधिक उतरलेले आढळले, तर त्यात खिळा, सैल व्हॉल्व्ह किंवा वाकलेली रीम असल्याचे नोंदवहीच सांगेल आणि चाक रस्त्यात बसण्याआधी दुरुस्ती होऊ शकेल.

शाळेत हे काम विद्यार्थ्यांच्या एका गटाकडे सोपविता येईल. सोमवारी प्रार्थनेपूर्वी पंप बाहेर काढला जावा आणि ज्याच्या त्याच्या सायकलीतील हवा पाहिली जावी. ज्या गावात विद्युत दुचाकी वाढल्या आहेत, तेथे हाच पंप सायंकाळी कार्यालयाच्या ओट्यावर सर्वांसाठी ठेवता येईल. पेट्रोलपंपावर जाण्याचे बंद झालेल्या वाहनधारकाला हवा तपासण्याचे ठिकाण त्यामुळे गावातच मिळेल.

रस्ते बांधणे, महामार्ग आखणे, विद्युत वाहनांना उत्तेजन देणे ही कामे शासनाची. परंतु त्या रस्त्यावर वाहन ज्या तळहाताएवढ्या जागेवर टेकते, तिची काळजी त्या वाहनाच्या धन्यानेच घ्यावयाची असते. आपल्या वाहनावर भार किती, रस्ता कसा आणि वेग कोणता, याचा क्षणभर विचार करून सकाळच्या थंड वेळी गेज लावले, तर योग्य आकडा निवडणे कठीण नाही.